सरड्याचे औषधपाणी

घरात लहान मूल असले म्हणजे औषध पाजण्याचा सोहळा काही नवा नसतो. एकाने हात धरावे, दुसऱ्याने पाय आवरावे, तिसऱ्याने काऊ-चिऊ दाखवावी आणि मुलाने तोंड उघडलेसे पाहून चौथ्याने चमचा रिकामा करावा, हा प्रयोग ज्यांच्या घरी कधी झाला नाही असे कुटुंब विरळा. आमच्या वाड्यात तीन पिढ्यांची बाळंतपणे झाली. त्यामुळे या विद्येत आपण पारंगत आहो असा आम्हां सर्वांचा समज होता. गेल्या हिवाळ्यात एका सरड्याने तो खोटा पाडला.

सरडा म्हणजे कुंपणावर बसून मान हलविणारा आपला नेहमीचा सरडा नव्हे. हा हिरवा इग्वाना. मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण अरण्यांत, नदीकाठच्या झाडांवर याचे वास्तव्य. आहार केवळ पानाफुलांचा. पूर्ण वाढला म्हणजे शेपटासह पाच-सहा फूट भरतो आणि नीट निगा राखल्यास १५-२० वर्षे जगतो. पुण्यास शिकत असलेल्या माझ्या नातवाने तो एका मित्राकडून घेतला होता. वसतिगृहात अशा प्राण्यास मज्जाव असल्यामुळे दिवाळीच्या सुटीत काचेच्या पेटीसह तो अचलपुरास आला. सुटी संपली, नातू परत गेला आणि पेटी मागे राहिली.

पहिली हरकत आमच्या वाडीतल्या गड्याने घेतली. "मास्तर, हे काहून ठेवलं घरात? घोरपड हाये ना थे! फॉरेस्टवाले येतीन," असे तो म्हणाला. मेळघाट हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आमच्याकडच्या माणसांस हा कायदा चांगला ठाऊक असतो. त्याचे भय अनाठायीही नव्हते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याप्रमाणे घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. ती घरी पाळणे हा सरळ गुन्हा होय. इग्वाना परदेशी खरा, पण त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने अशा परदेशी प्राण्यांसाठीही कायद्यात निराळी अनुसूची घातली गेली. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर करावी लागते. नातवाने ती केलेली होती. कागद मी स्वतः वाचून पाहिला, तेव्हाच पेटीला ओसरीवर जागा दिली.

दुसरी हरकत घरातलीच. आपल्या पंचांगात पल्लीपतनाचे कोष्टक असते, हे वाचकांस ठाऊक आहेच. पाल कोणत्या अंगावर पडली असता कोणते फळ, हे त्यात दिलेले असते. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे पडले, की अंगावर क्षणभर पडणाऱ्या पालीचे फळ जर इतके, तर बिऱ्हाड करून राहणाऱ्या पालीचे किती? या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते. ते माझ्या मातोश्रींनी दिले. त्यांचे वय ८८. दृष्टी मंद झाली असली तरी भागवताचा दशम स्कंध त्यांच्या ध्यानात आहे. बाजेवरूनच त्या म्हणाल्या, "अगं, नृगराजा नव्हता का सरडा होऊन विहिरीत पडला? एका ब्राह्मणाची गाय चुकून दुसऱ्याला दिली एवढ्यावरून! कृष्णाने हात लावला तेव्हा सुटला बिचारा. असू दे." तेव्हापासून त्या प्राण्याचे नाव नृगराज पडले व वाद मिटला.

असो. मुद्द्याकडे वळतो.

आम्ही नृगराजाची बडदास्त मोठ्या हौसेने ठेवली, आणि आमच्या हौसेनेच तो आजारी पडला. सातपुड्यावरून येणारे वारे मार्गशीर्षात बोचू लागतात, म्हणून त्याची पेटी ओसरीवरून आत आणून माजघराच्या पूर्वेकडील बंद काचेच्या खिडकीशी ठेविली. सकाळचे कोवळे ऊन त्याच्या अंगावर पडे. खाण्यास बाजारातून रोज ताजा पालक आणीत असू. महिन्याभरात त्याच्या मांड्या चांगल्या भरल्या, तेव्हा वराडचे अन्न मानवले म्हणून आम्ही आनंदलो. पुढे एके दिवशी पाहतो तो पायाची बोटे थरथरत आहेत. दोन दिवसांनी पोट भुईस टेकवून तो सरपटू लागला. खालचा जबडा सुजला आणि तोंडात घेतलेले पान गळून पडू लागले.

मोबाईलवर चित्रे पाठविल्यावर नातवाने नागपूरच्या एका पशुवैद्यांचे नाव कळविले. येथून नागपूर दोनशे किलोमीटरांच्या घरात. कापडी पिशवीत नृगराज, शेजारी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, आणि एस. टी. मध्ये शेजाऱ्यांच्या पृच्छा, असा तो प्रवास झाला. क्ष-किरणांचे चित्र डॉक्टरांनी उजेडासमोर धरले. हाडे शुभ्र दिसावयाची ती धुक्यासारखी अंधुक दिसत होती. "गुरुजी, या मांड्या पुष्ट झालेल्या नाहीत," ते म्हणाले, "हाडातला चुना निघून गेला, म्हणून त्याच्या भोवती शरीराने तंतूंचा जाड थर चढविला आहे." त्यांनी पुढे सांगितले ते असे: कातडीवर सूर्याचे अतिनील किरण पडले म्हणजे या प्राण्याच्या शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होते, आणि ते असेल तरच अन्नातला चुना रक्तात उतरतो. खिडकीची काच प्रकाश आत सोडते, ऊबही सोडते, परंतु नेमके हेच किरण अडविते. महिनाभर आम्ही त्याला उन्हात बसविले असे मानीत होतो. वस्तुतः तो सावलीतच होता. पालकात जे ऑक्झॅलिक आम्ल असते ते उरलासुरला चुना बांधून टाकते. अज्ञानाने केलेल्या सेवेचे असे फळ आलेले पाहून मी खाली मान घातली.

औषध साधेच होते: पातळ कॅल्शियम, वजनाच्या मानाने मोजून, रोज तोंडावाटे. शिवाय अतिनील किरणांचा दिवा, ऊब आणि आहारात पालट. "मात्र जबडा जपा," असे डॉक्टर म्हणाले होते. परतीची गाडी गाठण्याच्या घाईत ते वाक्य मी कानांनी ऐकले, मनाने ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमचा प्रयोग झाला. शार्ङ्गधराने औषध घेण्याचे पाच काळ सांगितले आहेत, त्यांतला पहिला सूर्योदयानंतर थोड्याच वेळाने. तो मी योजिला. चिरंजीवांनी धड धरले, मी मान. जबड्याच्या फटीत चमच्याचा दांडा सारून तोंड उघडावे आणि सिरिंजने औषध आत सोडावे असा बेत होता. नृगराजाने शेपटाचा असा तडाखा दिला की माझ्या मनगटावर वळ उठला. निम्मे औषध धोतरावर सांडले, उरलेले एकदम घशात गेले, आणि थोड्याच वेळात त्याच्या नाकपुडीशी बुडबुडे दिसू लागले. तो डोळे मिटून निपचित पडला. घरात कोणी बोलेना. सूनबाईंनी फोन लावून दिला.

डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांचा स्वर बदलला. प्रथम डोके किंचित उतरते धरावयास सांगून त्यांनी नाकाशी आलेला द्रव टिपून घ्यावयास लाविला. मग म्हणाले, "गुरुजी, हाडे मऊ पडली म्हणून तर आपण औषध देतो आहो. तेच हाड चमच्याने उचकटले तर मोडेल. जबडा मोडला की खाणे संपले." श्वासनलिकेचे तोंड या प्राण्यांत जिभेच्या बुडाशी असते. आपल्यासारखा श्वासपटल त्यांस नाही, म्हणून ठसका लागून फुप्फुसात गेलेले बाहेर टाकण्याची सोय त्यांच्याजवळ नाही. तेथे गेलेला थेंब तेथेच राहतो आणि त्यातून फुप्फुसाचा दाह होतो. आमच्याकडे बैलास बांबूच्या नळीने काढा पाजताना मान फार उंच केली तर असेच घडते. जाणता गडी म्हणूनच घाई करीत नाही. मला हे लहानपणापासून ठाऊक होते. आठवले मात्र त्या वेळी नाही.

त्या दिवशी पुन्हा औषध देऊ नये, श्वास घेताना तोंड उघडू लागल्यास लगेच कळवावे, असे सांगून त्यांनी फोन ठेविला. तो दिवस आणि ती रात्र आम्ही कशी काढली हे लिहिण्यात अर्थ नाही. श्वास सुरळीत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मातोश्रींनी मला बाजेजवळ बोलाविले. "अरे, तुला बोंडल्याने पाजले ते काय ओतून? ओतायचे नसते. ओठाच्या कोपऱ्याला लावायचे, थेंब आत गेला की थांबायचे, गिळला की पुढचा. मूल तोंड उघडत नाही म्हणून बोट घालायचे नसते. त्याला चव लागली की ते आपण होऊन ओठ चाटते." सहाणेवर हिरडा, वेखंड, मुरुडशेंग उगाळून घुटी देण्यात ज्यांची हयात गेली त्यांचे हे बोलणे होते. फोनवरून डॉक्टरांस ते कळविले तेव्हा त्यांनी अक्षरशः दुजोरा दिला. चांदीचे बोंडले काही त्यांनी कपाटातून काढून दिले नाही, आणि ते योग्यच झाले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला नावाचे जंतू पुष्कळदा असतात. त्यांची भांडी स्वयंपाकघराच्या बाहेर असावीत, त्यांना हाताळल्यावर साबणाने हात धुवावे आणि तान्ह्या मुलांस दूर ठेवावे, हा नियम पाळावाच लागतो. आमच्या घरात सोवळ्याची सवय असल्यामुळे तो कोणास जड गेला नाही.

आता आमची जी पद्धत बसली ती सांगतो. कोणाच्या घरी असा पाहुणा असल्यास उपयोगी पडेल. मात्र औषध कोणते व किती, हे ज्याच्या त्याच्या वैद्याने ठरवावयाचे.

प्रथम काळ. शार्ङ्गधराची योजना माणसांसाठी आहे हे मी विसरलो होतो. आपले रक्त आतून तापते. सरड्यास ऊब बाहेरून मिळवावी लागते. थंड सरड्याचे पोट जवळजवळ बंद असते. त्या वेळी दिलेले औषध नीट लागू पडत नाही आणि खाल्लेले अन्न पोटात कुजते. म्हणून अंगणात तारेच्या जाळीचा पिंजरा केला, त्याचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत. दहा वाजता नृगराजाने उन्हात जाऊन बसावे, अंग तापवावे आणि अकराच्या पुढे औषधाची तयारी व्हावी. सकाळी काळपट दिसणारा त्याचा रंग तोपर्यंत उजळून हिरवा झालेला असे. तीच आमची घटिका.

मग धरणे. याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला असतो. तो खरोखर तिसरा डोळा आहे. त्याला आकार दिसत नाहीत, परंतु उजेड आणि सावली कळते. वरून सावली आली की याच्या लेखी ती ससाण्याची. आम्ही प्रत्येक वेळी वरून हात घालीत होतो आणि तो चिडतो म्हणून त्यालाच बोल लावीत होतो! आता हात बाजूने, खालच्या अंगाने नेऊ लागलो. जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात बाळोत्यात मूल गुंडाळावे तसा तो सैल गुंडाळावयाचा. बरगड्याही मऊ असल्यामुळे आवळावयाचे नाही. शेपूट धरावयाचे नाही, कारण पालीप्रमाणे तेही तुटते. डोळ्यांवर फडक्याचा पदर अलगद ओढला म्हणजे तो बराचसा शांत होतो. हे काम सौभाग्यवतींनी आपण होऊन पत्करले. पल्लीपतनाची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

आणि पाजणे. सुई काढलेली बारीक सिरिंज घेऊन एक थेंब ओठाच्या कडेस लावावयाचा. पहिल्या दिवशी पाच मिनिटे काहीच झाले नाही. मग जाडसर गुलाबी जीभ बाहेर आली, ओठावरून फिरली आणि आत गेली. मी दुसरा थेंब लाविला. त्या दिवशी पाऊण तासात निम्मी मात्रा गेली. राहिलेली दुसऱ्या दिवशीच्या मात्रेत मिळवावयाची नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. जास्त कॅल्शियमही घातकच. मी पंचांगाशेजारी एक वही ठेविली. तीत रोजची वेळ, मात्रा आणि दर रविवारी सोनाराकडील काट्यावर केलेले वजन लिहीत गेलो. आरंभी ४१० ग्रॅम होते ते दोन आठवड्यांत ३८५ वर उतरले. त्या रविवारी सोनाराने काही विचारले नाही, मीही काही सांगितले नाही.

पस्तीस वर्षे मी वर्गात संस्कृत शिकविले. रामः रामौ रामाः न येणाऱ्या मुलांची तोंडे उघडविण्यासाठी मी काय काय केले, ते पिंजऱ्याशी बसल्या-बसल्या पुष्कळ आठवे. एक मुलगा तर मी उभे केले की ओठ गच्च मिटून घेई. त्याला मी हट्टी म्हणत असे. तो पुढे शाळा सोडून गेला. पाऊण तास एका थेंबाची वाट पाहण्याइतका वेळ तेव्हा मजजवळ नव्हता असे नाही.

तिसऱ्या आठवड्यात अनुपानाची युक्ती सापडली. मध, तूप, तुळशीचा रस यांच्याबरोबर औषध देण्याची आपली परंपरा. इग्वान्यास जास्वंदीचे फूल फार प्रिय, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आमच्या अंगणातली लाल जास्वंद गणपतीची. तिच्या कळीलाही कोणी हात लावीत नसे. त्या सकाळी सौभाग्यवतींनी परडीतले एक फूल बाजूस काढले, पाकळीवर औषधाचे चार थेंब सोडले आणि पाकळी बाजूने हळूच त्याच्या तोंडाशी नेली. त्याने ती खाल्ली. मी देवघराकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "देवाला एकवीस लागतात ते चतुर्थीला. एरवी एक कमी झाले तर चालते." तेव्हापासून रोजची मात्रा दोन पाकळ्यांत जाऊ लागली. दिवसाकाठी पहिली पाकळी देव्हाऱ्याच्या आधी अंगणात जाई, हे मातोश्रींस आम्ही सांगितले नाही. त्यांना ते ठाऊक असावे असा मला संशय आहे.

आहारही पालटला होता. पालक बंद झाला. शेवग्याचा कोवळा पाला, मेथी, किसलेला दुध्या भोपळा, क्वचित पपईची फोड. शेवग्याच्या पाल्यात चुना विपुल असतो. मध्यंतरी पेटीच्या काचेवर पांढरी भुकटी दिसू लागली, तेव्हा औषधच नाकावाटे बाहेर पडते की काय अशी शंकेची पाल मनात चुकचुकली. तसे काही नव्हते. हे प्राणी अंगातले जादा मीठ शिंकून टाकतात, ते वाळून काचेवर बसते.

बोटांची थरथर पौषात थांबली. जबड्याची सूज उतरावयास दोन महिने लागले, आणि जबडा थोडा वाकडा राहिला तो राहिलाच. माघात एका सकाळी तो पोट उचलून चार पायांवर उभा राहिलेला सूनबाईंनी पाहिला आणि सगळे घर अंगणात जमले. त्या रविवारी वजन ४६२ ग्रॅम भरले.

होळीच्या सुटीस नातू आला तो नृगराजास पुण्यास नेण्याच्या तयारीनेच. वसतिगृह सोडून त्याने आता मित्रासह खोली घेतली आहे. नवी पेटी, नवा दिवा, सगळे त्याने आम्हांस मोबाईलवर दाखविले. आजीने पाहून घेतले आणि विचारले,

"खोलीत ऊन येते का रे?"

"येते ना आजी, सकाळी खिडकीतून चांगले तासभर येते."

"खिडकी काचेची?"

तो काही बोलला नाही. आजोबांकडे त्याने पाहिले, तो मी वही पुढे सारली. त्याने ती ओसरीवर बसून पहिल्या पानापासून वाचली. ३८५ च्या रविवारापाशी तो बराच वेळ थांबला. मग उठून अंगणात गेला, पिंजऱ्याशी उकिडवा बसला आणि वरून हात घालू लागला.

"वरून नको," सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "बाजूने."

नातू धुळवडीनंतर एकटाच परत गेला. पिंजरा आता कडुनिंबाच्या सावलीत सरकविला आहे, कारण आमच्याकडचा वैशाख थंडीइतकाच त्याच्या जिवावर उठू शकतो.